गोळी चालू, तरी एसजीपीटी वरच

"मॅडम, रोज न चुकता गोळी घेतो, तरी एसजीपीटी (रक्ततपासणीतला यकृताचा आकडा) खाली येत नाही. गोळी लागूच पडत नाहीये का?" जुनाट हेपटायटिस बी (विषाणूमुळे येणारी यकृताची सूज, म्हणजे 'कावीळ बी') असलेल्यांकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकला आहे की फाइल उघडण्याआधीच तो ओळखू येतो. डॉक्टरांनी उत्तर दिलेलं असतं आणि ते बरोबरही असतं. घाबरलेल्या माणसाच्या कानावर मात्र ते नुसतं पडतं.

सुधीरराव (नाव आणि तपशील बदलले आहेत) ४६ वर्षांचे, वजन ८४ किलो, निर्व्यसनी. गणपती मंडळाच्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला, तेव्हा आजार कळला. टेनोफोविर ही विषाणूविरोधी गोळी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. एसजीपीटी ८८, म्हणजे वाढलेलंच, आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी.

"विषाणूचा डीएनए रिपोर्ट काय सांगतो?"
"सापडला नाही असं लिहिलंय."
"मग गोळीचं काम झालं की."
"पण एसजीपीटी?"

हा 'पण' सोडवायला आमच्या चारपाच भेटी गेल्या. गोळी विषाणूची वाढ रोखते. ती रोखली गेली की नाही, हे डीएनएच्या तपासणीत दिसतं. एसजीपीटी एवढंच सांगतं की यकृताच्या पेशींना इजा होते आहे. कोण करतंय, ते सांगत नाही. विषाणू गप्प बसला तरी चरबी त्याच पेशींना त्रास देत राहते, आणि गोळीला चरबीशी काही देणंघेणं नसतं. म्हणून फॅटी लिव्हर असलेल्यांचा डीएनए दबला तरी एसजीपीटी रेंगाळू शकतं.

हे सुधीररावांना पाठ झालं, पटलं मात्र नाही. मी विवेकनिष्ठ विचारसरणीची. घटनेपेक्षा माणूस त्या घटनेबद्दल मनाशी काय बोलतो, ते आधी धुंडाळते. विचारलं, "८८ आकडा दिसला की स्वतःला काय सांगता?"
"संपलं सगळं. आता कॅन्सरच."

पुढच्या भेटीला वहिनी आल्या आणि गाडी पुढे सरकली. "ह्यांना कावीळ ना, म्हणून रोज उसाचा रस देते. ग्लुकोजचं पाणी देते. जिनासुद्धा फार चढू देत नाही."

दोन वर्षं! आपल्याकडे कावीळ म्हटली की रस, ग्लुकोज आणि अंथरूण, हे ठरलेलंच. प्रेमापोटी त्या यकृतात चरबीच भरत होत्या. वहिनींचे डोळे भरले, पण मी बघत होते सुधीररावांकडे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विषाणू बहुतेक जन्मताच आईकडून आला. त्यात माझा काय दोष? चरबी मात्र माझीच."

वर्षानुवर्षं हा प्रश्न ऐकून मला जे उमगलं, ते ह्या वाक्यात होतं. माणूस गोळीवर संशय घेतो, कारण चरबी मान्य केली की दोष पदरी येतो असं त्याला वाटतं. मी म्हटलं, "दोषाचा हिशेब राहू द्या. ह्या दोघांपैकी तुमच्या हातात काय आहे?"
"चरबी."
आणि ते पहिल्यांदा हसले. अशा क्षणांसाठीच मी ह्या व्यवसायात टिकून आहे.

मग कामाचं बोलणं झालं. वजनाच्या सात ते दहा टक्के, म्हणजे त्यांचे सहा ते आठ किलो, सावकाश उतरवायचे. रस आणि ग्लुकोज बंद, जेवणानंतरचं गोडही. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालायचं. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यायचं, कारण मधुमेह सोबत असला की यकृताला धोका वाढतो. जडीबुटीची 'लिव्हर टॉनिक' डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत. काहींनी यकृतालाच इजा होते. बारीक दिसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये: आपल्या लोकांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या वर, किंवा पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावं. एसजीपीटी वाढायला इतरही कारणं असतात, तेव्हा निदान डॉक्टरांकडूनच. वहिनींची हेपटायटिस बीसाठीची रक्ततपासणी राहिली होती. ती करून, निर्धोक निघाल्यावर, लशीचे तीन डोस सुरू केले.

आठ महिन्यांनी वजन ७७, एसजीपीटी ३९. सुधीरराव खुशीत आले आणि खुर्चीत बसायच्या आतच म्हणाले, "मॅडम, आता गोळी बंद करू का?"

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. गोळी मनाने थांबवली तर दबलेला विषाणू उसळून यकृताला गंभीर सूज येऊ शकते. ती थांबवायची की नाही हे फक्त डॉक्टर ठरवतील, आणि ते ठरवेपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही, असं मी त्यांच्याकडून तिथेच वदवून घेतलं.