वडिलांनी मित्राला हातउसने दिलेले चार लाख परत मिळत नाहीत. दिवाणी दावा करून उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून प्रकरण असं दिसतं: वडिलांनी सव्वादोन वर्षांपूर्वी जुन्या मित्राला चार लाख दिले. दीड लाख बँकेतून गेले, अडीच लाख महिन्याभराने रोख, त्या वर्षीच्या कांद्याच्या पैशातून. चिठ्ठीचपाटी नाही, व्याज ठरलेलं नाही, परत कधी द्यायचे तेही ठरलेलं नाही. व्हॉट्सॲपवर 'दिवाळीनंतर नक्की देतो' असे दोनतीन मेसेज आहेत. मित्र खासगी शाळेत लिपिक आहे, गावी भावाबरोबर सामाईक जमीन आहे. वकील म्हणतात दावा टाका, काका म्हणतात पैसे गेले समजा.

मी वकील नाही. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं नाझर शाखेत काढली. समन्स बजावणारे आणि जप्तीला जाणारे बेलिफ तिथूनच निघतात. त्यामुळे दाव्याच्या सुरुवातीपेक्षा हुकूमनाम्यानंतरचे, म्हणजे दाव्याचा निकाल हाती आल्यानंतरचे, पक्षकार मी जास्त पाहिले. माझं मत विचाराल तर दावा बहुधा जिंकाल, पण आज विचार करायचा तो दाव्याचा नाही, त्यानंतरच्या दरखास्तीचा, म्हणजे हुकूमनाम्याची वसुली करून द्या या अर्जाचा.

पण आधी घाईची गोष्ट. मुदत.

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार उसन्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात आणि ती पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजतात. 'मागतील तेव्हा देईन' असं बोलणं झालं असलं तरी तेच. इथे जवळजवळ सगळ्यांची गल्लत होते. आपण मागितले, त्याने नाही म्हटलं, तिथून तीन वर्षं, असं लोक धरून चालतात आणि मैत्री सांभाळत चौथ्या वर्षी कोर्टात येतात. मुदतबाह्य दावा प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी न्यायाधीशांना काढून टाकावाच लागतो. तुमच्या दोन रकमांच्या तारखा वेगळ्या, म्हणून दोन मुदती वेगळ्या. बँकेतल्या दीड लाखांची आधी संपेल, रोख रकमेची नंतर. आजच्या हिशेबाने तुमच्या हातात आठ-नऊ महिने आहेत.

वकिलाची नोटीस पाठवल्याने ही मुदत थांबत नाही. खासगी माणसाविरुद्ध दाव्याआधी नोटीस द्यायलाच हवी असंही नाही. तरी मी म्हणेन, पाठवा. एक तर पुढच्या व्याजाची मागणी लेखी नोंदली जाते. दुसरं, नोटिशीचं उत्तर येतं आणि त्या उत्तरात पुष्कळदा सोनं असतं. 'चार लाख घेतले होते, पण परत केले' असं उत्तर आलं तर पैसे दिले होते का, हा वादच उरत नाही. परत केल्याचं सिद्ध करणं त्याच्या डोक्यावर येतं.

मुदत वाढवायचा सरळ रस्ता म्हणजे लेखी कबुली. मुदत संपायच्या आत त्याने सही करून 'इतके देणे आहे' असं लिहून दिलं, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. 'आत्ता देऊ शकत नाही' असं त्यात लिहिलं असलं तरी चालतं. थोडी रक्कम परत दिली तरी मुदत नव्याने मोजतात, पण ती दिल्याची नोंद त्याच्या अक्षरात किंवा त्याच्या सहीची हवी. म्हणून दहा हजार देतो म्हणाला तर चेकने घ्या. चेकवर त्याची सही आपोआप असते, रोख नोटांवर त्याची नसते. मुदत संपून गेल्यावरही दार पूर्ण बंद होत नाही. करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन बंधनकारक ठरतं. पण तोवर तुमची पडती बाजू असते, तो कशाला सही करील?

व्हॉट्सॲपचे मेसेज पुरावा म्हणून वापरता येतात, त्यासोबत नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मात्र फोन विकू नका, चॅट पुसू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. आणि 'मेसेज आहे म्हणजे मुदत वाढली' असं धरून तर मुळीच बसू नका. 'देतो' म्हणजे काय देतो, किती देतो, हे त्यात कुठे आहे? तीन वर्षांच्या आत दावा दाखल झाला की हा वादच उद्भवत नाही.

आता रोख अडीच लाख. कांद्याच्या बाजार समितीच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या), बँकेतून रक्कम काढल्याची नोंद, देताना हजर असलेला कुणी, हे सगळं आत्ताच गोळा करा. आयकर कायदा वीस हजार आणि त्याहून जास्त कर्ज रोखीने घ्यायला मनाई करतो. दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नाही, आणि त्या कारणाने तुमचं येणं बुडत नाही. पण दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचं दाव्यात आलं की न्यायालयाने आयकर खात्याला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलंय. म्हणजे पैसा आला कुठून हे वडिलांना सांगता आलं पाहिजे. शेतीचा असेल आणि पट्ट्या असतील तर घाबरण्यासारखं काही नाही.

साक्ष वडिलांनाच द्यावी लागेल. 'त्यांचं वय झालंय, मी मुखत्यारपत्र घेऊन उभा राहतो' असं मुलं नेहमी म्हणतात. जो व्यवहार तुमच्यासमोर झाला नाही त्याची साक्ष तुम्ही मुखत्यार म्हणून देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच स्पष्ट केलंय. वडिलांची उलटतपासाला तोंड द्यायची तयारी आहे का, हे त्यांना मोकळेपणाने विचारा. मित्राविरुद्ध पिंजऱ्यात उभं राहणं काहींना पैशापेक्षा जड जातं, आणि तेही कारण खोटं नसतं.

समोरून एक बचाव हमखास येईल: 'हे सावकारी करतात.' महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार बिनपरवाना सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देत नाही. तुमच्या वडिलांनी एकाच मित्राला, बिनव्याजी दिले असतील तर तो सावकारीचा धंदा होत नाही. पण गावात आणखी चारजणांना दोन टक्क्याने दिले असतील तर वकिलांना आधीच सांगा. कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, ते वाचून त्यांना धक्का बसण्यापेक्षा बरं.

सही केलेली वचनचिठ्ठी किंवा लेखी करार असता तर संक्षिप्त दावा करता आला असता, त्यात प्रतिवादीला बचावासाठी आधी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. तुमच्याकडे तसा कागद नाही, म्हणून साधा दावा. समन्स, कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास, युक्तिवाद. किती वर्षं लागतील हे न्यायालयागणिक बदलतं, आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

समजा जिंकलात. हुकूमनामा झाला, खर्चासह चार लाख, वर व्याज. तो भरत नाही. मग दरखास्त. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयाने, म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावलं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयासमोर देशभरातली आकडेवारी आली तेव्हा ८ लाख ८२ हजारांहून जास्त दरखास्ती प्रलंबित निघाल्या, आणि त्यात सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. आमच्या शाखेत पेढे घेऊन आलेले वादी पुढे बेलिफाची वाट बघत बाकावर बसलेले दिसायचे.

म्हणून आजच वही घ्या आणि त्या मित्राकडून काय वसूल होऊ शकतं ते लिहून काढा.

पगार: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीची जप्ती होते. एकतीस हजार पगार असेल तर महिना दहा हजार. तेही एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त चोवीस महिने. म्हणजे दोन लाख चाळीस हजार. चार लाख पगारातून पूर्ण निघत नाहीत. तरीही पगारदार ऋणको सगळ्यात बरा, कारण हुकूम थेट संस्थेला जातो आणि त्याच्या मनावर काही राहत नाही. तो निवृत्तीला आला असेल तर गणित बिघडतं, कारण भविष्यनिर्वाह निधीला हात लावता येत नाही.

जमीन: सामाईक असेल तर फक्त त्याचा अविभक्त हिस्सा जप्त होतो. सातबारा आणि फेरफार आत्ताच काढून पाहा, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आधीच आहे का ते दिसेल. जप्तीनंतर त्याने हिस्सा विकला तर तो व्यवहार तुमच्या येण्यापुरता निरर्थक ठरतो, पण जप्तीआधी बायकोच्या किंवा भावाच्या नावे केला तर तो फसवा व्यवहार असल्याचं वेगळं सिद्ध करत बसावं लागतं. दावा चालू असतानाच विकायची धडपड दिसली आणि त्याला पुरावा असेल तर निकालापूर्वी जप्तीचा अर्ज करता येतो. नुसती शंका पुरत नाही. कपडे, भांडीकुंडी, मंगळसूत्रासारखे दागिने, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल, शेतकऱ्याचं राहतं घर, यांना जप्ती लागत नाही. टीव्ही आणि सोफा उचलून आणल्याने कुणाचे चार लाख फिटत नाहीत, त्याच्या घरी तमाशा होतो इतकंच.

वकील फारसं वापरत नाहीत असं एक हत्यार आहे: दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश २१, नियम ४१. हुकूमनामा तीस दिवस फिटला नाही की ऋणकोने आपली सगळी मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी, असा हुकूम मागता येतो. टाळाटाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. बँक खाती, मुदत ठेवी, पतसंस्थेतले शेअर्स याच मार्गाने बाहेर येतात. मात्र 'पैसे दिले नाहीत म्हणून आत टाका' हे सरसकट होत नाही. ऐपत असून देत नाही हे दाखवावं लागतं, १९८० पासून सर्वोच्च न्यायालयाची तशी भूमिका आहे. आणि आत गेलाच तर त्याच्या जेवणाचा भत्ता तुम्ही भरायचा! हे ऐकल्यावर तावातावाने आलेले कितीतरी वादी गप्प होताना पाहिले आहेत.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार देण्याचा सल्लाही कुणी देईल. घेतानाच बुडवायचा हेतू होता हे दाखवता येत नसेल तर 'बाब दिवाणी स्वरूपाची आहे' असं उत्तर मिळतं, आणि ते बरोबरच असतं. त्यात महिने घालवू नका, मुदत चालूच असते.

मग करायचं काय? तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. पगार आणि जमीन दोन्ही आहेत, म्हणजे काका म्हणतात तसे पैसे गेलेले नाहीत. नोटीस या महिन्यात जाऊ द्या. उत्तर नरम आलं किंवा तो भेटायला आला तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत अर्ज द्या, त्याला कोर्ट फी नाही. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसतं, आणि तो मोडला तर थेट दरखास्त. पण त्या भानगडीत मुदत थांबेल असं समजू नका. मुदतीच्या शेवटच्या दोन महिन्यांआधी काही जमलं नाही तर दावा दाखल करूनच टाका. दाव्यातही पुढे लोकअदालतीत मिटलं तर कोर्ट फी परत मिळते.

तडजोड करताना मुद्दल पूर्ण घ्या आणि व्याजावर पाणी सोडा, असंच मी सांगेन. हप्ते त्याच्या पगाराला झेपतील असे पाडा, खात्यात जमा होतील असं ठरवा. लिहून घेताना एक वाक्य मात्र वकिलांकडून नक्की घालून घ्या: कोणताही एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम ठरलेल्या व्याजासह एकदम देय होईल. हे वाक्य नसलेले तडजोडनामे घेऊन लोक आमच्याकडे यायचे, आणि मग चुकलेल्या प्रत्येक हप्त्यासाठी वेगळी दरखास्त लावत बसायचे.