पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून) विमानाचं इंधन होतं का, आणि त्यानं कार्बन कसा कमी होतो?

होतं. पऱ्हाटीत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, बरंच, म्हणून कुट्टी करून कमी हवेत तापवतात, वायू करतात, त्यातून केरोसीनसारखं इंधन बनवतात. वापरलेल्या खाद्यतेलाचा रस्ता सोपा: हायड्रोजन देऊन ऑक्सिजन काढायचा.

विमानातून कार्बन साध्या इंधनाइतकाच जवळपास निघतो. फरक इतकाच की तो पिकानं हवेतूनच घेतलेला असतो. सगळ्या हिशेबात घट ८० टक्क्यांपर्यंत. साध्या विमान इंधनात ते मिसळायचं मात्र जास्तीत जास्त ५० टक्के. साध्या इंधनातले अॅरोमॅटिक घटक (कार्बनच्या कड्यांची संयुगं) कमी पडले की रबरी सील पुरेसे फुगत नाहीत, इंधन गळतं.

खरी गोम धुऱ्यावर आहे. पऱ्हाटी हलकी, ट्रॉली भरते, वजन भरत नाही. म्हणून शेतातच कुट्टी करा, वाळवा, मुळांची माती झटका. नाहीतर भट्टीत राखच राख.