स्पेअर पीएसव्हीचा आउटलेट उघडाच ठेवा

भावा, तू विचारलंस की कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या तुमच्या प्लांटला एका व्हेसलवर (प्रेशरखालच्या टाकीवर) दोन पीएसव्ही, म्हणजे प्रेशर फार वाढलं की आपोआप उघडून ते सोडणारे सेफ्टी व्हॉल्व्ह आहेत, एक चालू आणि एक स्पेअर. स्पेअरचे इनलेट-आउटलेट दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवलेत, ते बरोबर का?

माझ्या मते नाही. इनलेट बंद करून कुलूप घाला. आउटलेट उघडा ठेवून त्याला सील मारा.

इनलेटचा व्हॉल्व्ह कायम घट्ट बसेल याची खात्री कोण देणार? तो जरा पासिंग झाला, म्हणजे बंद असूनही आतून गळू लागला की स्पेअरच्या खाली हळूहळू व्हेसलचं प्रेशर चढतं. त्यात पीएसव्हीची सीट (आतली घट्ट बंद होणारी जागा) लीक असेल तर ते बॉडीत आणि आउटलेटच्या बाजूला जातं. फ्लँजवरचं मार्किंग बघ, पुष्कळदा इनलेट ३०० क्लासचा आणि आउटलेट १५० चा असतो (क्लास जितका मोठा तितकं जास्त प्रेशर सोसतो). म्हणजे आउटलेट बंद असेल तर कमी प्रेशरसाठी केलेल्या बाजूत सगळं प्रेशर कोंडून राहतं. उघडा असेल तर फ्लेअर हेडरला, म्हणजे सोडलेला गॅस जाळायला नेणाऱ्या मोठ्या पाइपला निघून जातं.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. मी पूर्वी ज्या प्लांटवर होतो तिथं टेस्टिंगहून आलेला पीएसव्ही चढवला, इनलेट उघडला, जुना बंद केला. आउटलेट उघडायचा राहून गेला. संध्याकाळच्या राउंडला ते दिसलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. दिवसभर ते व्हेसल कुठल्याही संरक्षणाशिवाय चालू होतं. आउटलेट कायम उघडा असेल तर रात्रपाळीच्या माणसाला एकच व्हॉल्व्ह फिरवायला लागतो.

बदलताना स्पेअरचा आउटलेट उघडा आहे हे स्वतः स्पिंडल (व्हॉल्व्हचा दांडा) बघून ठरव. मग त्याचा इनलेट पूर्ण उघड, आणि त्यानंतरच चालूचा बंद कर. थोडा वेळ दोन्ही उघडे राहिले तर चालतं, दोन्ही बंद एक मिनिटही नाही. मॅनेजमेंट तयार असेल तर किल्लीचं इंटरलॉक (ठरलेल्या क्रमानेच व्हॉल्व्ह फिरू देणारं कुलूप) बसवून घ्या.

आउटलेट बंद करायचा तो पीएसव्ही खाली उतरवताना. आधी इनलेट बंद, मग ब्लीडमधून (प्रेशर सोडायच्या छोट्या व्हॉल्व्हमधून) प्रेशर सोडायचं, मग आउटलेट, कारण हेडरमधला गॅस उलटा येतो. हेडरमध्ये गंज आणणारा गॅस असेल तर काही ठिकाणी स्पेअरचा आउटलेटही बंद ठेवतात. तसं करायचं तर इनलेट व्हॉल्व्ह आणि पीएसव्हीच्या मधला ब्लीड सुरक्षित जागी उघडा हवा, आणि ते ड्रॉइंगवर लिहिलेलं हवं.

साखर कारखान्यातल्या मंडळींनी हे बॉयलरला लावू नये. तिथं बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या मध्ये आयसोलेशन व्हॉल्व्ह (वाट बंद करणारा व्हॉल्व्ह) चालतच नाही. डेअरीच्या अमोनिया प्लांटला दोन पीएसव्हींच्या खाली एकच थ्री-वे व्हॉल्व्ह असतो, त्यात दोन्ही बाजू एकदम बंद होत नाहीत.

आणि उद्या एक बघ. तुमचे गेट व्हॉल्व्ह स्पिंडल वर करून बसवलेत का? गेट (आतली वर-खाली सरकणारी पाटी) निसटला तर खाली पडून पीएसव्हीची वाट बंद करतो आणि बाहेरून कळत नाही. स्पिंडल आडवा घेतला की तो धोका टळतो.