लगेज, बॅगेज, सूटकेस: स्पॅनिशमध्ये अनुवाद करताना

लगेज आणि बॅगेज या दोघांनाही स्पॅनिशमध्ये एकच शब्द आहे: एकिपाखे. इंग्रजीत दोन शब्द आहेत म्हणून स्पॅनिशमध्ये दोन शोधू नका. बॅगेजसाठी बागाखे लिहिलंत तर घोळ होतो, कारण आज तो शब्द मुख्यतः ज्ञान-अनुभवाच्या शिदोरीसाठी वापरतात.

एकिपाखे मोजता येत नाही. भुसावळ स्टेशनवर आपण 'तीन सामान' म्हणत नाही, 'तीन नग' म्हणतो. बोचकं, ट्रंक, पिशवी, सगळे नगच. स्पॅनिशमध्ये तो नग म्हणजे बुल्तो. म्हणून तीन नगांना 'त्रेस बुल्तोस'. 'त्रेस एकिपाखेस' लिहू नका. इथे नवशिके हमखास चुकतात.

सूटकेस म्हणजे मालेता, पाठीवरची सॅक मोचिला. हातातल्या सामानाला 'एकिपाखे दे मानो' सगळीकडे चालतं. विमानात जमा करायचं सामान मात्र स्पेनमध्ये 'फाक्तुरादो', मेक्सिकोत 'दोकुमेंतादो', अर्जेंटिनात 'देस्पाचादो'. अर्जेंटिनात मालेतालाही बालिखा म्हणतात.

सगळ्यात फसवा शब्द ट्रंक. लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेला बाउल बरोबर. पण इंग्रजी मजकुरात ट्रंक म्हणजे गाडीची डिकी असेल, तर स्पेनसाठी मालेतेरो आणि मेक्सिकोसाठी काखुएला हवं. अर्जेंटिनात तिलाही बाउलच म्हणतात.

बायकांची पर्स स्पेनमध्ये बोल्सो, मेक्सिकोत बोल्सा, अर्जेंटिनात कार्तेरा. स्पेनमध्ये मात्र कार्तेरा म्हणजे पैशांचं पाकीट! म्हणून काम हाती घेताच आधी विचारा, वाचक कुठल्या देशातला?