व्हिसासाठी फ्रँचायझी घेताय? आधी ती सोडून गेलेल्यांना फोन करा

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही मूळचे नाशिकचे, अकरा वर्षं टोरोंटोजवळ राहतोय, मी आणि मिस्टर दोघंही आता कॅनडाचे नागरिक आहोत. माझी मोठी बहीण डॅलसला असते म्हणून तिकडे शिफ्ट व्हायचं चाललंय. एका कन्सल्टंटने सांगितलं की ई-२ व्हिसासाठी (अमेरिकेत पैसे गुंतवून स्वतःचा धंदा चालवण्याचा व्हिसा) फ्रँचायझी सगळ्यात सोपी, त्याने फ्रोझन योगर्टची एक चेन दाखवली, सगळं मिळून २,२०,००० डॉलर. तो आमच्याकडून एक पैसाही फी घेत नाहीये. म्हणतो या ब्रँडवर आधी बऱ्याच जणांना व्हिसा मिळालाय, धोका काहीच नाही, आणि या महिन्यात सही केली तर फ्रँचायझी फीमध्ये सूट आहे. पैसे घर विकून आलेत. मुलगी १६ वर्षांची आहे. करावी का सही?

उत्तर: या महिन्यात तरी अजिबात करू नका. सूट जाईल तर जाऊ दे, घर विकलेले पैसे आहेत हे.

सगळ्यात आधी तो "बऱ्याच जणांना व्हिसा मिळालाय" वाला मुद्दा, कारण तिथेच सगळे फसतात. व्हिसा ऑफिसर काय बघतो, तर अमेरिकेशी या व्हिसाचा करार, म्हणजे ट्रीटी, असलेल्या देशाचे तुम्ही नागरिक आहात का (कॅनडा आहे), पैसा कायदेशीर मार्गाने आलाय का, धंद्याच्या मानाने पुरेसा गुंतवलाय का आणि त्या धंद्यातून फक्त तुमच्या घराचं भागण्यापेक्षा जास्त काही निघेल का. हे शेवटचं तो बिझनेस प्लॅनवरून ठरवतो, आणि तो प्लॅन कोणीतरी पैसे घेऊन सुबक लिहून दिलेला असतो. डॅलसच्या त्या चौकात जानेवारीत योगर्ट खायला किती लोक येतील हे तो बघत नाही, ते त्याचं कामच नाही. व्हिसा मिळाला म्हणजे दुकान चालेल असं कुणीही तुम्हाला सांगितलेलं नसतं. उलट दुकान बंद पडलं की ज्या धंद्यावर व्हिसा होता तोच गेला, म्हणजे पैसे आणि अमेरिकेतलं राहणं दोन्ही एकदम जातं. साध्या धंद्यात बुडालो तर निदान राहतो तिथेच राहतो, इथे तेही नाही.

दुसरं, कन्सल्टंट फी घेत नाही म्हणजे त्याचे पैसे फ्रँचायझी विकणारी कंपनी देते, आणि ते तुम्ही भरलेल्या फीमधूनच जातात. तो वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही पण तो त्यांचा सेल्समन आहे हे डोक्यात ठेवून त्याचं बोलणं ऐका.

आता काम सांगते. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला एफडीडी नावाचं, फ्रँचायझीची सगळी माहिती उघड करणारं एक मोठं डॉक्युमेंट द्यावंच लागतं, सही करण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी, हा एफटीसीचा, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचा नियम आहे. ते मिळालंय का तुम्हाला? प्रश्नात उल्लेख नाही म्हणून विचारतेय. त्यात २३ मुद्दे असतात. तिसऱ्यात कोर्टकेसेस, चौथ्यात दिवाळखोरी, सातव्यात एकूण खर्चाचा अंदाज, एकोणिसाव्यात कमाईचे आकडे, पण ते देणं कंपनीवर बंधनकारक नाही, आणि डॉक्युमेंटमध्ये आकडे नसताना कन्सल्टंट तोंडी "वर्षाला इतके सुटतात" म्हणत असेल तर तिथेच थांबा. सातव्या मुद्द्यात सुरुवातीचे खेळते पैसे बऱ्याचदा तीनच महिन्यांचे धरलेले असतात, तुम्ही निदान वर्षभराचे धरा, घरभाडं आणि किराणा वेगळा.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा विसावा मुद्दा. त्यात मागच्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद झाली, किती दुसऱ्याला विकली ते टेबलात असतं, आणि गेल्या वर्षात जे फ्रँचायझी सोडून गेले त्यांची नावं आणि कॉन्टॅक्टही असतो. कंपनी तुम्हाला आपले तीन-चार खूश मालक गाठून देईल, त्यांच्याशी बोलाच, पण सोडून गेलेल्या निदान आठ-दहा जणांना स्वतः फोन लावा. विचारा की खरा खर्च किती झाला, घरी पहिला पगार कितव्या महिन्यात नेला, का सोडलं, दुकानाच्या भाड्याचं पुढे काय झालं. काहींना न बोलण्याच्या अटीवर सही करायला लावलेली असते, ते गप्प बसतील, आणि असे बरेच निघाले तर त्यातूनही कळतंच.

मोठ्या नावावर जाऊ नका. क्विझनोज या सँडविच चेनची एकेकाळी साडेचार हजारांच्या वर दुकानं होती, २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, मधल्या काळात हजारो दुकानं बंद झाली आणि तो प्रत्येक मालक कुणीतरी बचत घातलेला माणूस होता. बर्गरिम या बर्गर चेनवर तर २०२२ मध्ये अमेरिकन सरकारने एफटीसीच्या वतीने केसच केली, १,५०० च्या वर लोकांना फ्रँचायझी विकल्या आणि त्यातल्या बहुतेक कधी उघडल्याच नाहीत असा आरोप होता.

भाडेकराराचं जरा जास्त सांगते कारण हे घरात बघितलंय. माझा मावसभाऊ, ब्रिटिश पासपोर्ट, ई-२ वरच न्यूजर्सीत ज्यूसचं दुकान घेतलं होतं. दुकान दोन वर्षांत बंद झालं पण दहा वर्षांच्या लीजवर त्याने पर्सनल गॅरंटी दिली होती, त्यामुळे धंदा संपला तरी भाड्याचं देणं संपेना, शेवटी मामांनी इकडची जमीन विकून तडजोड केली. लीज वेगळ्या वकिलाला दाखवा, कंपनीच्या नाही, आणि गॅरंटी वर्ष-दीड वर्षापुरतीच राहील असं मागून बघा. कंपनीला दर वेळी द्यायचा हिस्सा, म्हणजे रॉयल्टी, तीही नफ्यावर नाही, बहुतेक ठिकाणी विक्रीवर जाते, तोटा झाला तरी द्यावीच लागते.

इतकं सगळं बघून तरी घ्यायचीच असेल तर पैसे एस्क्रोमध्ये (अट पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात) ठेवा, व्हिसा मिळाला तरच विकणाऱ्याला जातील अशी अट ई-२ मध्ये चालते. आणि व्हिसा नाकारला तर फ्रँचायझी फी परत हे करारात लिहून घ्या, नाहीतर ती फी साधारणपणे परत मिळत नाही.

मुलीचं मात्र आधी बघा. ई-२ म्हणजे ग्रीन कार्ड नाही, आणि २१ पूर्ण झाली की ती तुमच्या व्हिसावर राहू शकत नाही. तुमच्याकडे पाचच वर्षं आहेत. तुम्हा दोघांपैकी कोणी इंजिनिअर, अकाउंटंट, फार्मासिस्ट वगैरे असेल तर कॅनडाच्या नागरिकांना टीएन नावाच्या कामाच्या परवान्यावर अमेरिकेत नोकरी करता येते, त्याला दुकान घ्यावं लागत नाही. मुलीचा २१ चा प्रश्न तिथेही आहेच, पण घराचे पैसे तरी हातात राहतात. कन्सल्टंटने हे सांगितलं नसेल कारण यात त्याला काही मिळत नाही.

प्रश्न: कोल्हापूरहून लिहितोय. इथला एजंट म्हणतो अमेरिकेत सँडविचच्या दुकानाची फ्रँचायझी घ्या, सहा महिन्यांत ई-२ होईल. बुकिंगला ५ लाख मागतोय. विश्वासू वाटतो.

उत्तर: दादा, भारताचा अमेरिकेशी ई-२ चा करारच नाही, भारतीय पासपोर्टवर हा व्हिसा मिळत नाही. एजंटला हे माहीत नसेल तर त्याला काम येत नाही आणि माहीत असेल तर त्याहून वाईट. पुढे तो ग्रेनाडाचं (ई-२ चा करार असलेला कॅरिबियनमधला छोटा देश) नागरिकत्व विकत घ्या म्हणेल. त्यासाठी भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, आणि डिसेंबर २०२२ च्या कायद्यानंतर पैसे देऊन नागरिकत्व घेतलेल्यांनी त्या देशात आधी किमान तीन वर्षं राहिलेलं असावं लागतं.

भारतीयांसाठी गुंतवणुकीचा रस्ता ईबी-५ चा, म्हणजे गुंतवणुकीवर ग्रीन कार्डचा, त्याला ठरावीक भागात ८ लाख डॉलर आणि बाकी ठिकाणी साडेदहा लाख, शिवाय दहा जणांना फुल टाइम काम. तुम्ही थेट स्वतः गुंतवलं तर आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी काम करणारे धरत नाहीत, घरचे धरत नाहीत, आणि सँडविचच्या दुकानात बरेचसे पार्ट टाइमच असतात, म्हणजे एका दुकानात हा आकडा गाठणं फार अवघड. कुणी "पैसे परत मिळण्याची गॅरंटी" देत असेल तर आणखी सावध व्हा, ईबी-५ मध्ये पैसा खरोखर जोखमीत असावा लागतो, अशी गॅरंटी असेल तर अर्जच अडकतो. इथून डॉलर पाठवायलाही एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरचीच मर्यादा आहे, ते सीएकडून आधी समजून घ्या.

५ लाख अजून दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती, मेसेज, बँकेची एंट्री सगळं जपून ठेवा, पैसे परत द्या असं आजच लेखी मागा आणि उत्तर आलं की मला कळवा.