घोड्याच्या जबड्याखालची गाठ: आधी थर्मामीटर, इंजेक्शन नंतर

सारंगखेड्याचा बाजार उरकला की पुढचे काही आठवडे मोबाईलवर घोड्यांचेच फोटो येतात. जबड्याखाली गाठ, नाकाला पिवळा शेंबूड आणि खाली एकच ओळ, साहेब कुठलं इंजेक्शन मारू. या वेळचे तीन प्रश्न एकत्रच घेतो, तिघांचं दुखणं एकच आहे.

प्रश्न: बाजारातून दीड वर्षाचं शिंगरू आणलं. आठ दिवसांनी ताप आला, खाणं सोडलं, जबड्याखाली गाठ आली. औषधाचा दुकानदार म्हणाला घटसर्प आहे, दोन दिवस हेवी इंजेक्शन दिलं, गाठ बसली. आता परत आली, आधीपेक्षा मोठी.

घटसर्प गाई-म्हशींचा आजार, त्याची लस आणि त्याची औषधं घोड्याला टोचत बसू नका. हा स्ट्रँगल्स आहे, जंतू स्ट्रेप्टोकोकस इक्वी, लागण झाल्यावर साधारण 3 ते 14 दिवसांत दिसतो, म्हणजे तुमचं शिंगरू बाजारातूनच घेऊन आलं. आधी 103 ते 106 ताप, मग नाक पाणचट, मग पू, मग जबड्याखाली नाहीतर कानाखाली घशाजवळ गाठ.

गाठ का परत आली ते सांगतो. गाठीत पू धरायला लागला की आत औषध नीट पोचत नाही. दोन दिवसांच्या इंजेक्शनने ताप उतरतो, सूज दबते, तुम्ही खूश, दुकानदारही खूश, आणि औषध थांबलं की गाठ पुन्हा वर. मधले दिवस फुकट गेले आणि गाठ पिकायची ती लांबली. म्हणून पुन्हा सांगतो, गाठ आली आहे, जनावर थोडंफार खातंय, श्वास मोकळा आहे, तर अँटिबायोटिक नको. नको म्हणजे नको, दुकानदार कितीही भारी कंपनीचं दाखवू दे.

मग करायचं काय, तर गाठ पिकू द्यायची. दिवसातून तीन-चार वेळा गरम पाण्याच्या फडक्याने शेक, वर काळं मलम (इचथॅमॉल). बोटाने दाबून बघा, दगडासारखी कडक असेल तर कच्ची आहे, मधे मऊ लागली, केस गळून कातडी पातळ झाली की डॉक्टरांना बोलवा, ते योग्य जागी चीर देतील. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकट करून रोज धुवायचं. कच्ची गाठ ब्लेडने फाडू नका, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. आणि तापलेल्या सळईने डाग देणं, हे अजून चालू आहे म्हणून लिहावं लागतंय, बंद करा. घसा सुजलेला असताना नळीने काढा नाहीतर तेल पाजणं तर त्याहून वाईट, ते फुप्फुसात जातं आणि जनावर गाठीने नाही, न्यूमोनियाने मरतं. खाणं भिजवलेला कोंडा, कोवळा लसूणघास, आणि ते जमिनीवर ठेवा, मान खाली गेली की नाकातला पू आपोआप गळतो.

इंजेक्शन लागतं कधी? ताप नुकताच चढलाय आणि गाठ अजून नाही तेव्हा, किंवा घोडा मान लांब करून घरघर करतोय, गिळता येत नाही तेव्हा. घरघर असेल तर 1962 ला (जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर) फोन करा आणि थांबू नका, कधी कधी श्वासनलिकेला छिद्र पाडावं लागतं. औषध पेनिसिलीनच, पण पूर्ण डोस. किलोला 22,000 युनिट दिवसातून दोनदा धरलं तर 350 किलोच्या घोड्याला एका वेळी 77 लाख युनिट होतात. दुकानातली 40 लाखांची एक बाटली रोज एकदा मारली म्हणजे निम्म्याचंही निम्मं. आणि प्रोकेन पेनिसिलीन फक्त स्नायूत, शिरेत गेलं तर घोडा जागेवर उधळून पडतो, मरूही शकतो, म्हणून हे घरी करू नका. तापावर डायक्लोफिनॅक देणारेही आहेत. जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे, ते टोचलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली.

एक शंका मात्र डोक्यात ठेवा. नाकात खोल जखमा, चिकट रक्ताळ पू, पायावर ओळीने फुटणाऱ्या गाठी असतील तर तो ग्लँडर्स असू शकतो, माणसालाही होतो, हात लावू नका, दवाखान्यात कळवा, रक्त तपासणीला जाईल. पॉझिटिव्ह आलं तर जनावर मारावं लागतं, सरकारी नुकसानभरपाई असते, कागद दवाखान्यात बघा. विमा आजारी पडल्यावर निघत नाही, हेही दरवर्षी सांगतोच.

प्रश्न: घोडी बरी झाली होती, तीन आठवड्यांनी चारही पाय सुजले, हिरड्यांवर लाल ठिपके आहेत. दुकानदाराने पुन्हा तीच सुई दिली.

हा परप्युरा, स्ट्रँगल्सनंतर साधारण 2 ते 4 आठवड्यांत येतो. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच रक्तवाहिन्यांवर उलटते. इथे डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड, लागतं, तेही आठवडे, आणि हळूहळू कमी करत. गंमत बघा, गाठ पिकत असताना दुकानदार ताप उतरावा म्हणून हेच डेक्सा देतो, तेव्हा ते घोड्याची ताकद मारतं आणि जंतूला मोकळं रान मिळतं. औषध तेच, वेळ चुकली की विष. तुमची घोडी आजच डॉक्टरांना दाखवा, उद्या नको. आणि बरा झालेला घोडा महिन्या-दोन महिन्यांनी वाळायला लागला, मधेच ताप, मधेच पोट दुखतंय, तर आतल्या गाठी असतील, तिथे पेनिसिलीनचा लांब कोर्स लागतो, दोन सुयांनी भागत नाही.

प्रश्न: लग्नसराई आहे, गाठ फुटून वाळली, वरातीला नेऊ का?

नाही. गाठ वाळली तरी घशाच्या वर हवेच्या ज्या दोन पिशव्या असतात त्यात पू साचून राहतो, त्याचे पुढे खडे बनतात आणि वरून धडधाकट दिसणारा घोडा महिनोन्महिने जंतू वाटत फिरतो. आठवड्याच्या अंतराने नाक-घशातले तीन नमुने निगेटिव्ह आले की मगच सोडा. एंडोस्कोपने (नळीच्या कॅमेऱ्याने) त्या पिशव्या बघता आल्या तर सगळ्यात उत्तम, पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

बाकीच्या घोड्यांचं काय, तर माझं एकच म्हणणं, थर्मामीटर घ्या. तबेल्यातल्या प्रत्येक घोड्याचा ताप सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. तंदुरुस्त घोडा 99 ते 101 च्या आसपास असतो. ताप चढल्यावर पहिले एक-दोन दिवस नाकातून जंतू पडत नाही, त्याच दिवसांत वेगळा बांधला तर बाकीचे वाचतात. गाठ दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. हजारोंचं इंजेक्शन उधारीवर आणणारा माणूस थर्मामीटरला महाग म्हणतो, काय बोलायचं. बाजारातून आणलेला घोडा तीन आठवडे लांब बांधा, कितीही देखणा असू दे. आजारी घोड्याचं काम शेवटी करा, मग हात धुवा, कपडे बदला. हौद उपसून वाळवा, ओल्यात जंतू आठवडेच्या आठवडे टिकतो, कडक उन्हात लवकर मरतो. बादली, खरारा, मोहरकी वेगळी, आणि तोबरा तर अजिबात एकमेकांचा वापरू नका, शेजाऱ्याने मागितला तरी.