अतकरवाडीहून सिंहगड पहिल्यांदाच चढताय?

जरूर जा! वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची, पण तेवढ्यात सुमारे ६०० मीटर चढायचं असतं. घाबरू नका, अंगात ताप नसेल आणि गुडघे ठीक असतील तर नक्की जमेल.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- सकाळी सहापर्यंत पायथ्याशी पोचा. मधल्या टप्प्यात सावली फार कमी आहे.
- दोन लिटर पाणी प्रत्येकी. वाटेत लिंबूसरबतवाले भेटतात, पण त्यांच्या भरवशावर निघू नका.
- रोज सरावाला येणारी मंडळी झपाझप पुढे जातील, त्यांच्या मागे लागू नका. नवखे इथेच दमतात. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवा.

खरी परीक्षा उतरताना. मुरमाड घसाऱ्यावर बारीक खडे पायाखालून सरकतात. झिजलेल्या तळव्याचे बूट असतील तर घसरलातच. गुडघे थोडे वाकवा, पाऊल आडवं टाका, छोटी पावलं घ्या; टाचेवर भार देऊन पळत सुटू नका. म्हणूनच वर पिठलं-भाकरी खाल्ल्यावर अर्धा तास तरी बसा, पुणे दरवाजा निवांत बघा, मग उतरा.

काठी, सॅक, महागडे बूट वगैरे नंतर बघू. आधी दोन-चार वेळा चढून या.